एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ नावाच्या संरक्षक आज्ञावलीसाठी एक लहानशी फाइल जगभरच्या संगणकांकडे रवाना केली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत ज्या विंडोज संगणकांनी ती उतरवून घेतली ते कोसळले आणि पुन्हा सुरू होईनात. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही हा आकडा कमी आहे. पण हे संगणक घरोघरचे नव्हते, ते विमानतळांवरचे, इस्पितळांतले आणि बँकांतले होते. आपल्याकडे इंडिगोची दोनशेच्या घरात उड्डाणे रद्द झाली आणि काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे रिझर्व्ह बँकेने कळवले.

कंपनीने ६ ऑगस्ट २०२४ रोजी या अपघाताचा अहवाल प्रसिद्ध केला. ‘मूळ कारण विश्लेषण’ असे त्याचे शीर्षक आहे. शिक्षकांच्या मासिकात एका कंपनीच्या तांत्रिक अहवालाचे परीक्षण कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांला तो महत्त्वाचा वाटतो, कारण चाचणी घेऊनही न घेतल्यासारखी कशी होते याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या वाचनात क्वचितच आले आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आणि प्रयोग करवून घेणाऱ्या माणसाला त्यात काही सापडेल.

अहवालाकडे वळण्याआधी त्या दिवशी बिघाडाचे निदान कसकसे चुकत गेले ते पाहू. आपल्या वृत्तवाहिन्यांनी ‘मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर डाऊन’ अशी बातमी दिली. असा कोणताही एक सर्व्हर बंद पडलेला नव्हता. मात्र या गोंधळाला एक खरे निमित्तही होते. त्याच्या काही तास आधी, आपल्याकडे पहाट असताना, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूर सेवेच्या मध्य-अमेरिकेतील केंद्रात अगदी वेगळा बिघाड झाला होता. तेथील साठवण-यंत्रणेने कोणत्या संगणकांच्या विनंत्या स्वीकारायच्या याची एक यादी असते. ती अपुरी तयार झाली, त्यामुळे कितीतरी संगणकांचा आपल्याच डिस्कशी संबंध तुटला आणि ते बंद पडले. सकाळी उठून पाहणाऱ्याला दोन्हींचे लक्षण एकच दिसले, यंत्रे बंद! कारणे मात्र दोन, उपायही दोन. ताप आहे म्हणजे मलेरियाच, असे म्हणण्यापैकी हा प्रकार होता.

दुसरी चूक जाणकारांकडून झाली आणि ती अधिक शिकवणारी आहे. कोसळलेल्या काही संगणकांवरची ती फाइल उघडून पाहिली तर तिच्यात नुसती शून्येच भरलेली दिसली. लगेच निष्कर्ष निघाला की कंपनीने रिकामी फाइल पाठवली आणि तिने संगणक पाडले. निष्कर्ष पटण्याजोगा होता, पुराव्यासाठी छायाचित्रेही होती. कंपनीने तो नाकारला आणि पुढे खुलासा केला. फाइल डिस्कवर लिहिताना आधी तिच्यासाठी जागा राखली जाते आणि मजकूर प्रत्यक्ष उमटायला थोडा अवधी जातो. त्या अवधीत संगणक कोसळला तर जागा राहते, मजकूर राहत नाही, आणि वाचणाऱ्याला शून्ये दिसतात. म्हणजे ती शून्ये कोसळण्याचे कारण नव्हती, परिणाम होता. कार्यकारणभाव शिकवताना आपण कोंबडा आरवल्याने सूर्य उगवत नाही हे उदाहरण देतो. ते कोणालाच फसवत नाही. हे फसवते, म्हणून अधिक चांगले.

आता अहवाल. यातील यंत्रणेला कंपनीने दिलेली नावे इतकी सारखी आहेत की ती लक्षात ठेवण्यासाठी आम्हांला शेवटी कागदावर आकृती काढावी लागली. ती नावे बाजूला ठेवून एक कारकून कल्पू. संगणकात घडणाऱ्या प्रत्येक विशिष्ट घटनेची नोंद त्याच्यासमोर येते. नोंदीत रकाने असतात. कारकुनाजवळ नियमांची वही असते. अमुक रकान्यात अमुक आढळले तर घटना संशयास्पद मानावी, असे तिच्यात लिहिलेले असते. हल्लेखोरांच्या युक्त्या रोज बदलतात, म्हणून कंपनी नवे नियम वरचेवर पाठवत राहते. त्या दिवशी आलेली फाइल, ‘चॅनेल फाइल २९१’, ही अशा नव्या नियमांचीच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत या कारकुनाला एका नव्या प्रकारच्या घटना तपासायला शिकवले गेले. त्या प्रकाराच्या व्याख्येत २१ रकाने ठरवले होते. प्रत्यक्ष नोंद आणून देणारा जो भाग होता, तो मात्र २० च रकाने भरून देत होता.

ही तफावत फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. मार्चमध्ये या प्रकाराची ताण-चाचणी झाली, ती उत्तीर्ण झाली. मार्च आणि एप्रिलमध्ये या प्रकाराचे चार नियम प्रत्यक्ष ग्राहकांकडे गेले, तेही सुरळीत चालले. कारण चाचणीतील आणि त्या चारही नियमांतील एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही असले तरी चालेल’ असे लिहिलेले होते. संगणकाच्या परिभाषेत याला वाइल्डकार्ड म्हणतात. काहीही चालणार असेल तर कारकून तो रकाना पाहायला जाईलच कशाला? तो कधी पाहिलाच गेला नाही, म्हणून तो नाही हेही कळले नाही.

१९ जुलैला आणखी दोन नियम पाठवण्यात आले. त्यांपैकी एकात प्रथमच एकविसाव्या रकान्यासाठी खरी अट होती. पाठवण्यापूर्वी नियम तपासणारी एक स्वतंत्र आज्ञावली कंपनीकडे होती. तिनेही नियम योग्य ठरवला, कारण नोंदीत २१ रकाने असतात हे तिने गृहीतच धरले होते. ग्राहकाच्या संगणकावर कारकून एकविसावा रकाना पाहायला गेला. नोंद विसाव्यालाच संपली होती. तिच्यापलीकडे स्मृतीत जे काही होते, तेच त्याने पत्ता समजून वाचायला घेतले आणि तेथे सगळे संपले.

एखाद्या साध्या आज्ञावलीने आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला असा हात घातला तर कार्यप्रणाली तेवढी आज्ञावली बंद करते आणि बाकीची कामे चालू राहतात. फाल्कनचा हा भाग मात्र कार्यप्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो. पहारेकऱ्याला सगळ्या खोल्या दिसाव्यात म्हणून त्याला तेथे बसवलेले असते. गाभ्यातच असा प्रकार घडला की त्याला शिस्त लावणारे वर कोणी उरत नाही. पुढे चालत राहिले तर फायली बिघडण्याचा धोका, म्हणून विंडोज स्वतःलाच थांबवते. तो प्रसिद्ध निळा पडदा हाच. संगणक पुन्हा सुरू केला तर पहारेकरी अगदी आरंभी जागा होतो, डिस्कवर बसलेली तीच फाइल वाचतो आणि पुन्हा तेच घडते.

चाचणीच्या मुद्द्यावर आम्ही थोडे थांबू इच्छितो. ‘चाचणी केलीच नाही’ असा आरोप त्या दिवसांत सर्रास झाला. तो खरा नाही आणि तो खरा असता तर प्रकरण सोपे होते. चाचण्या झाल्या होत्या. पण एकविसाव्या रकान्यापुरती त्या चाचणीत नापास होण्याची सोयच नव्हती. समजा, चूक की बरोबर सांगा असा प्रश्न आहे आणि त्यातील दहाही विधाने बरोबर आहेत. प्रश्न न वाचता सगळीकडे ‘बरोबर’ लिहिणारा मुलगा दहापैकी दहा गुण मिळवील. त्या दहा गुणांनी मुलाविषयी काही सांगितले नाही, सांगितले ते प्रश्नाविषयी. प्रयोगशाळेतही आपल्या ओळखीचे दृश्य आहे. गुरुत्व त्वरण ९.८ यायला हवे हे ठाऊक असलेला विद्यार्थी तेवढे उत्तर येईपर्यंत दोलकाची लांबी पुन्हा पुन्हा मोजतो आणि आले की मोजणे थांबवतो. आपणही त्याच्या वहीवर सही करतो. त्या प्रयोगात ९.८ खेरीज काही निघूच शकत नव्हते, हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही माहीत असते.

अहवालाची जमेची बाजू येथेच आहे. तफावत कोणती, ती का लपली आणि तपासणीच्या आज्ञावलीने काय गृहीत धरले हे त्यात आडपडदा न ठेवता सांगितले आहे. आकडे आहेत, तारखा आहेत. अपघातानंतर कंपन्या ‘तांत्रिक कारणामुळे गैरसोय झाली’ एवढ्यावर बोळवण करतात, त्या मानाने हे पुष्कळच झाले.

उणिवांची सुरुवात शीर्षकापासून होते. ‘मूळ कारण’ हे एकवचन आहे, पण अहवालातच सहा निष्कर्ष आहेत. आज्ञावली घडवतानाच रकान्यांची संख्या पडताळली गेली नाही. चालू असताना हद्द तपासली गेली नाही. चाचणीत पुरेशी विविधता नव्हती. तपासणीच्या आज्ञावलीत तर्काची चूक होती. नवा नियम प्रत्यक्ष कारकुनाकडून चालवून पाहिला गेला नाही. आणि तो टप्प्याटप्प्याने न पाठवता सर्वांना एकदम पाठवला गेला. यांपैकी पहिल्या पाचांतील कोणतेही एक दार बंद असते तर संगणक कोसळले नसते. सहावे बंद असते तर ८५ लाखांऐवजी थोडेच कोसळले असते. मग मूळ कारण कोणते म्हणायचे? सहा दारे एकाच वेळी उघडी कशी राहिली हा खरा प्रश्न, आणि अहवाल तो विचारत नाही. प्रत्येक दार आता कसे लावून घेतले एवढे तो सांगतो. कर्त्याचे नाव न घेता ‘राहून गेले’ म्हणणे सोपे असते. टप्प्याटप्प्याने पाठवायचे नाही हे कोणीतरी कधीतरी ठरवले असणार. ते कोणत्या विचाराने ठरवले, याची चर्चा आम्हांला त्यात आढळली नाही.

त्या विचाराचा अंदाज मात्र बांधता येतो. काही सावध ग्राहक फाल्कनची नवी आवृत्ती लगेच घेत नसत, मुद्दाम एक पाऊल मागे राहत. तशी सोय कंपनीनेच दिली होती. तेही त्या सकाळी सापडले. कारण ती सोय आज्ञावलीसाठी होती, नियमांच्या फायलींसाठी नव्हती. नियम म्हणजे केवळ माहिती, आज्ञावली नव्हे, अशी कंपनीची विभागणी होती. ही विभागणी कागदावर ठीक दिसते. परंतु जी माहिती वाचून यंत्र पुढे काय करायचे ते ठरवते, ती माहिती परिणामाच्या दृष्टीने आज्ञाच असते. हा अहवालाच्या मध्यभागी असायला हवा होता असा मुद्दा आहे. तो ओळींच्या मधून वाचावा लागतो.

दुरुस्तीविषयीही अहवालात जवळजवळ काही नाही. २९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के संगणक पूर्ववत झाल्याचे कंपनीने सांगितले, पण ते कोणी, कसे केले हा भाग वेगळ्या सूचनापत्रकांत विखुरलेला आहे. टेबलावरच्या संगणकाचे त्यातल्या त्यात सरळ होते. माणसाने त्याच्यासमोर बसायचे, तो ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा आणि २९१ क्रमांकाची ती फाइल पुसायची. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली घालायची. किल्ल्यांची यादी ज्या यंत्रावर ठेवली तेच बंद पडलेले असेल, तर पंचाईतच!

आभासी यंत्रांचे काय? एखाद्या बलवान संगणकावर व्यवस्थापक आज्ञावली बसवून त्याचे अनेक हिस्से करतात. प्रत्येक हिश्शातील कार्यप्रणालीला आपण स्वतंत्र संगणकावर एकटेच आहोत असे वाटते. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे हे असते. एका बिऱ्हाडातली आग भिंत ओलांडून शेजारी जात नाही, हीच या व्यवस्थेची शोभा. १९ जुलैला भिंती शाबूत होत्या, पण फाइल भिंतीतून आलीच नाही. ती प्रत्येकाच्या दारात स्वतंत्रपणे पोहोचली. आणि या बिऱ्हाडांना ना कळफलक, ना पडदा. यंत्र सुरू होत असताना एखादी कळ दाबायची तर ती कोठे दाबणार?

मायक्रोसॉफ्टने अ‍ॅझूरच्या ग्राहकांना जे उपाय सुचवले त्यांतला एक वाचून पुष्कळांना हसू आले. यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करा, काहींना पंधरा वेळांपर्यंत करावे लागले आहे, असे त्यात होते. बंद करून चालू करा हा आपल्या शाळांतील संगणककक्षाचा सनातन उपाय. पण येथे त्याला कारण होते. यंत्र सुरू होताच दोन गोष्टींची शर्यत लागते. एकीकडे पहारेकरी जुनी फाइल वाचून कोसळण्याच्या मार्गावर असतो, दुसरीकडे यंत्राची नेटवर्क-जोडणी होत असते. जोडणी आधी झाली आणि सुधारलेली फाइल वेळेत उतरली तर यंत्र वाचते. दर खेपेस वेळा किंचित इकडेतिकडे होतात, म्हणून पुन्हा पुन्हा नशीब अजमावायचे. पंधरा हा मंत्रजपाचा आकडा नाही. नाणेफेकीत लागोपाठ छापा पडला तरी कधीतरी काटा येईल, एवढीच ती आशा. संभाव्यतेच्या पाठाला हे उदाहरण जोडून पाहावे.

दुसरा उपाय म्हणजे आधीच्या दिवशीची राखून ठेवलेली प्रत परत बसवणे. तो खात्रीचा आहे, पण प्रत घेतल्यानंतरचे काम जाते. तिसरा आम्हांला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतो. आभासी यंत्राची डिस्क ही साठवण-यंत्रणेतील एक वस्तू असते. ती बंद यंत्रापासून सोडवून दुसऱ्या धडधाकट आभासी यंत्राला जादा डिस्क म्हणून जोडता येते. रोगी बेशुद्धच आहे आणि दुसऱ्याच्या टेबलावर त्याची शस्त्रक्रिया चालली आहे, असे म्हणा. तेथे ती फाइल पुसायची आणि डिस्क मूळ यंत्राला परत जोडायची. हात लावण्यापूर्वी डिस्कची एक नक्कल काढून ठेवणे शहाणपणाचे. येथे एक खड्डा आहे. दुरुस्ती करणाऱ्या यंत्रावर ‘सी’ हे अक्षर त्याच्या स्वतःच्या डिस्कचे असते, पाहुणीचे वेगळे. सूचनापत्रक डोळे मिटून पाळणारा रोग्याऐवजी डॉक्टरचेच पोट उघडू शकतो. शिवाय त्या नावाच्या अनेक फायली असू शकतात. कोणती वाईट ते तिच्या वेळेवरून ओळखायचे. ग्रिनिच वेळेप्रमाणे ४ वाजून ९ मिनिटांची ती बिघडवणारी, ५ वाजून २७ मिनिटांची किंवा नंतरची ती सुधारलेली. हे तीन उपाय पत्रकात एकाखाली एक, जणू सारख्याच योग्यतेचे म्हणून दिलेले होते. एकात नशीब आहे, एकात नुकसान आहे, एकात निदान आहे. हा फरक सांगितला असता तर त्या रात्री जागणाऱ्यांचे श्रम वाचले असते.

परीक्षण करताना तुलनेसाठी आम्ही आणखी एक अहवाल शेजारी ठेवला होता. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या घरात मावली नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तीच आज्ञावली होती, म्हणून तीही त्याच चुकीने पडली. बिऱ्हाडांच्या भिंतींची आठवण येथे होते. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळाने आपला अहवाल दिला तो १९ जुलैलाच, अठ्ठावीस वर्षे आधी. हा योगायोग, दुसरे काही नाही. पण ते मंडळ संख्या न मावण्यापाशी थांबले नाही. एरियन-४ साठीचा हा भाग उड्डाणानंतर निरुपयोगी असताना चालू का ठेवला, आणि बिघाड म्हणजे एखाद्या सुट्या भागाचा आकस्मिक बिघाडच असे सर्वांनी का धरले, असे त्याने विचारले. चूक सिद्ध होईपर्यंत आज्ञावली बरोबर मानण्याच्या वृत्तीवरच त्याने बोट ठेवले. ते मंडळ बाहेरचे होते. क्राउडस्ट्राइकने आपले परीक्षण आपणच लिहिले आणि बाहेरच्या दोन संस्थांना आज्ञावली तपासायला नेमल्याचे त्यात नमूद केले. फरक बहुधा तेथूनच पडतो.

अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्राच्या वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. सी++ मध्ये वीस घरांची एक अ‍ॅरे घ्यावी, भरावी आणि एकविसावे घर छापायला सांगावे. मोजणी शून्यापासून असल्याने त्याचा क्रमांक २० येईल. विद्यार्थ्यांना वाटेल की आता संगणक कोसळणार. बहुतेक वेळा तसे होत नाही. तो निमूटपणे कसला तरी आकडा छापतो, कधी चक्क ० छापतो. तो आकडा कोठून आला, असे त्यांना विचारावे.